घराखालचं पाणी

आमच्या बाबांचा पाण्यावर राग होता. भीती नव्हे, राग. निदान पंचावन्न वर्षं मी तसंच समजत आले. नळाचं पाणी चालायचं, कॉफीचं चालायचं. पण जमिनीतून वर येणारं, भिंतीला ओल आणणारं पाणी दिसलं की त्यांचं डोकं फिरायचं. आता झानदामसारख्या गावात, जिथे हातभर खणलं की पाणी लागतं, तिथे हा राग बाळगून राहायचं म्हणजे काय खायचं काम आहे? पण बाबा राहिले. पंप लावून राहिले.

बाबा मूळचे दक्षिणेकडच्या झेलंड बेटांवरचे. एकोणीसशे त्रेपन्नच्या पुरात त्यांची आई गेली, घर गेलं, आणि सतरा वर्षांचे बाबा इकडे येऊन लाकडाच्या गिरणीत लागले. एवढंच आम्हाला माहीत. पुढचं विचारलं की ते उठून दुसऱ्या खोलीत जायचे, म्हणून आम्ही विचारायचंच सोडलं. लग्न झालं, हे घर घेतलं, आणि एकाहत्तर साली फरशीच्या फळ्यांखालच्या पोकळीत त्यांनी खड्डा करून पंप बसवला. पाणी जरा वर आलं की पंप आपोआप सुरू व्हायचा, घरघर करायचा, पाणी रस्त्यावरच्या गटारात टाकायचा आणि बंद व्हायचा. अकराव्या वर्षापासून मी त्या घरघरीवरच झोपत आले.

आमची पाच घरांची ओळ. एकाला एक चिकटलेली, मधली भिंत दोघांत एक. शेजारी बघायला आले. बाबांच्या घराखाली वाळवंट आणि त्यांच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी. पलीकडची ग्रीट तेव्हा तरणी होती, तिचा धाकटा सारखा खोकायचा. ती म्हणाली, "मारिनुस, आमचंही पाणी ओढून घ्या की तुमच्या पंपाकडे." मग बाबांनी रविवारी पोटावर सरपटत जाऊन सगळ्या मधल्या भिंतींना खालून भोकं पाडली आणि पाचही घरांचं पाणी आपल्या खड्ड्याकडे वळवलं. एक छदाम घेतला नाही कोणाकडून. दर डिसेंबरला ग्रीट धुरी दिलेला ईल मासा आणून द्यायची, आणि कोपऱ्यावरचा कोर, जो स्वतःच्या सासूलाही नमस्कार करायचा नाही, तो बाबांना बघून टोपी काढायचा.

चव्वेचाळीस वर्षं चाललं हे.

दारं अडकायला लागली ती साधारण वीस वर्षांपूर्वी. बाबा गिरणीतले, रंधा हातातच. दार अडकलं की उतरवायचे, खालून तासायचे, पुन्हा चढवायचे. शेवटी स्वयंपाकघराचं दार एका बाजूला चार बोटं आखूड झालं. सूप वाढलं की ताटलीत एकीकडे काठोकाठ, दुसरीकडे कोरडं. मी म्हटलं, "बाबा, घर खचतंय." ते म्हणाले, "जुनं घर आहे. म्हातारं माणूस वाकतंच की. तू नाही वाकणार?" मग कोरच्या भिंतीला तळापासून छतापर्यंत भेग गेली, हात घालावा एवढी, आणि नगरपालिकेचं पत्र आलं की तपासणी करा.

तपासणीला आला तो वीबे. पन्नाशीचा, जुन्या घरांना नवा पाया घालणाऱ्या लोकांचा मुकादम, कमी बोलणारा. त्याने पाचही घरांच्या लोकांना ग्रीटच्या बैठकीत बसवून सांगितलं. ही घरं एकोणीसशे बारा सालची, चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी. खांब गेले असतील तर फरशी उचकटायची, घराच्या आतून पोलादी नळ्या खाली घट्ट वाळूपर्यंत ठोकायच्या, भिंतींना टप्प्याटप्प्याने खाचा पाडायच्या, एक सोडून एक, आणि त्या खाचांत शिरेल असा सळ्यांचा जाड स्लॅब ओतायचा. मग घर त्या स्लॅबवर बसतं. चार महिने बाहेर राहावं लागेल.

"आणि एक गोष्ट," वीबे म्हणाला. "करायचं तर पाचही घरांनी करायचं. चार घरांना पाया घातला आणि एक सोडलं, तर सोडलेलं खचत राहणार आणि शेजाऱ्याची भिंत ओढून नेणार."

चौघं तयार झाले. बाबा उठून उभे राहिले.

"माझ्या घराखाली ठणठणीत कोरडं आहे," ते म्हणाले. "लाकडाचा शत्रू पाणी. ते मी चव्वेचाळीस वर्षं आत येऊ दिलं नाही. माझ्या खांबांना काय धाड भरलीय? मी सही करणार नाही."

आणि गेले. आमच्याकडे निघताना सगळ्यांशी हात मिळवायची रीत, तीही विसरून गेले. कोर माझ्याकडे बघून म्हणाला, "नेल, तुझ्या बापाला समजाव. माझं घर त्यांच्या हट्टापायी पडायचं." मी म्हटलं, "तू समजाव ना, टोपी काढतोस तेवढी." पण मनातून मी घाबरले होते. बाबा एकदा नाही म्हणाले की विषय संपला.

पुढच्या आठवड्यात वीबेने ग्रीटच्या घरात तपासणीचा खड्डा खणला. बाबांना बोलावलं होतं, ते आले नाहीत. मी गेले. फळ्या काढून, छातीभर खोल उतरून त्याच्या माणसांनी एका खांबाचं डोकं उघडं केलं होतं. वीबेने टोकदार सळई हातात घेतली आणि खांबात खुपसली. जोर न लावता ती वीतभर आत गेली. खाली, जिथे खड्ड्यात पाणी झिरपत होतं, तिथे त्याने पुन्हा मारली. टक्क आवाज आला आणि सळई मागे आली.

"खाली शंभर वर्षांचं लाकूड नव्यासारखं," तो म्हणाला. "वरचं कुजकं. पाण्याखाली असलं की लाकूड कुजत नाही, हवा लागली की संपलं. त्या विटांवर काळी रेघ दिसते? पूर्वी पाणी तिथपर्यंत असायचं. आता दोन फूट खाली गेलंय." त्याने सळई पुसली. "बाई, इथे कोण पाणी उपसतंय?"

मी त्याला ओढतच अंगणात नेलं.

"माझे बाबा," मी म्हटलं. "पण त्यांना सांगायचं नाही. कळतंय? एकोणऐंशी वर्षांचे आहेत. या ओळीसाठी त्यांनी एवढंच केलंय आयुष्यात, आणि त्याचाच त्यांना अभिमान आहे. तेच जर..."

"मी खोटं लिहीत नसतो."

"लिहू नका हो. खांब कुजलेत एवढं लिहा. वयाने कुजले म्हणावं. नाहीतरी तुम्हाला काय, नळ्या ठोकायच्या आणि निघून जायचं."

तो रागावला नाही. त्याने हातमोजे काढले. "कोणी विचारलं नाही तर मी सांगणार नाही," तो म्हणाला. "पण पंप आजच्या आज बंद व्हायला हवा. आमचं काम एप्रिलमध्ये सुरू होणार, अजून पाच महिने आहेत. आणि फक्त तुमची ओळ नाही. मागच्या ओळीचं पाणीही उतरायला लागलंय. त्या सहा घरांचे खांब अजून शाबूत आहेत. तो पंप चालू राहिला तर तीही जातील. त्यात लहान मुलं आहेत, मी बघितली."

म्हणजे मला दोन गोष्टी करायच्या होत्या. बाबांची सही घ्यायची आणि पंप बंद करायचा, तेही त्यांना कारण कळू न देता. त्यांच्या हातून घडलेली एकमेव भली गोष्ट मला त्यांच्यासाठी शाबूत ठेवायची होती. हुशारी दाखवायला गेले आणि तिथेच चुकले.

मी त्यांना सांगितलं की पंपाचा आवाज बदललाय, दुरुस्तीला देऊ, महिनाभर लागेल. त्यांनी फरशीच्या फळ्यांमधली झडप उघडली, खाली उतरले, कान लावला आणि वर आले. "आवाज ठीक आहे," म्हणाले. मग मी सांगितलं की वीज फार खातो. ते म्हणाले, "माझी पेन्शन, माझी वीज." मग मी वैतागून म्हटलं, "अहो, म्हातारपणी काय हे पंपाला कवटाळून बसायचं! बंद करा म्हटलं तर बंद करा की."

त्यांनी झडप लावून घेतली आणि माझ्याकडे वळले.

"नेल," ते म्हणाले, "तुला खोटं बोलता येत नाही. आईवर गेलीयेस. ग्रीटकडे काय दिसलं?"

त्यांनी कोट घातला, खिशात सुरी टाकली आणि निघाले. मी मागून "बाबा, राहू दे, बाबा" करत गेले. ग्रीटने दार उघडलं, आमची तोंडं बघितली आणि नुसतीच बाजूला झाली.

खड्डा अजून उघडा होता. बाबा शिडीने उतरले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, एकेक पायरी चाचपत. मी वरून दिवा धरला. त्यांनी खांबाच्या डोक्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. अंगठा आत गेला, ओल्या पावात जावा तसा. त्यांनी हात काढून घेतला. मग सुरीने खाली, पाण्याच्या कडेला एक पातळ कपचा काढला आणि नाकाशी नेला.

गिरणीत ओंडके आले की आधी तळ्यात सोडायचे. मी लहानपणी त्यांना डबा द्यायला जायचे तेव्हा बघितलंय, तळंभर लाकूड, त्याच्यावरून बाबा लांब काठी घेऊन चालायचे. पाण्यात असलं की लाकूड फाटत नाही, किडत नाही, वर्षानुवर्षं राहतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ज्या माणसाने दिवसभर लाकूड पाण्यात सांभाळलं, तोच माणूस संध्याकाळी घरी येऊन घराखालचं लाकूड कोरडं करत होता. त्यांना हे कधी सुचलं नाही. मलाही नाही सुचलं. गिरणीतलं पाणी वेगळं आणि घराखालचं वेगळं, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"अजून राळेचा वास येतोय," बाबा खालून म्हणाले. बस. मग कपचा हातात धरून खांबाशी उभेच राहिले. मला वाटलं त्यांना काहीतरी झालं, मी उतरायला निघाले, तर हाताने थांब म्हणाले.

वर आल्यावर ग्रीटने कॉफी दिली, ती त्यांनी घेतली नाही. "उद्या सगळ्यांना बोलाव," ते तिला म्हणाले. "मला काही सांगायचंय."

रस्त्यात मी म्हटलं, "बाबा, कशाला? वीबे सांगणार नाही. सही करा, झालं. लोकांना कशाला कळायला हवं?"

"मला कळलंय ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच घरांतली माणसं ग्रीटच्या बैठकीत गोल करून बसली. बाबांनी उभं राहून सांगितलं. गोलगोल बोलणं त्यांना जमतच नाही. खांब पाण्यात असते तर टिकले असते, पाणी मी काढलं, तुमच्या घरांखालचंही मीच काढलं, मी गिरणीतला माणूस, मला कळायला हवं होतं. माझी चूक. सही करतो.

मग कोर म्हणाला, "वा. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं आम्ही तुम्हाला ईल खिलवत होतो, आणि तुम्ही आमच्या पायाखालची जमीन काढत होता."

"ईल मी खिलवत होते," ग्रीट म्हणाली. "तू कधी शेपूट तरी दिलंस? आणि भिंतीला भोक पाडा म्हणून गळ कोणी घातली होती, कोर? तू. मी. आपण सगळ्यांनी. हे बिचारे पोटावर सरपटत गेले आणि आपण वरून कोपऱ्यात अजून ओल आहे म्हणून ओरडत होतो."

"मला काय माहीत होतं?"

"त्यांना तरी काय माहीत होतं?"

"ते गिरणीत होते, ग्रीट! त्यांना लाकूड कळतं!"

यावर बाबांनीच मान हलवली, बरोबर आहे म्हणून. हे मला सगळ्यात जास्त लागलं. कोरने सही केली, कागद सरकवला आणि निघाला. जाताना त्याने सगळ्यांशी हात मिळवला, बाबांना सोडून. मी त्याच्या मागे जाऊन चार शब्द सुनावणार होते, पण बाबांनी माझी बाही धरली. खरं सांगायचं तर कोरचं घर अकरा सेंटिमीटर कललेलं आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही हात दिला नसता.

राहिला पंप.

घरी येऊन बाबांनी झडप उघडली आणि काठावर बसून राहिले. बटण हाताच्या अंतरावर होतं. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "नेल, तू कर."

मी बटण बंद केलं. इतका साधा खटका, आणि घर एकदम निःशब्द झालं.

त्या दिवशी मी माझ्या घरी गेले नाही. नोव्हेंबरचे दिवस, पाऊस लागलेला. बाबांनी झडपेशी खुर्ची ओढली, पायात गमबूट घातले, कोट चढवला आणि बसले. झोपायला वर चला म्हटलं तर खुर्चीतच डोळे मिटायचे. पहिल्या दिवशी खाली नुसती ओली वाळू. दुसऱ्या दिवशी पाणी दिसायला लागलं, काळं, हलत नसलेलं. बाबा दर तासाला वाकून विटांवर पेन्सिलीने खूण करायचे. माझ्याशी बोलत नव्हते. मी सूप दिलं की चमचा हातात धरून तसेच बसायचे, डोळे खाली.

मी वीबेला बोलावून घेतलं. त्याने खाली बघितलं आणि म्हणाला, "काका, बाहेरच्या कालव्याची पातळी जेवढी, तेवढंच पाणी चढणार. त्या काळ्या रेघेपर्यंत. फळ्यांना हात लावणार नाही." बाबांनी मान हलवली. वीबे गेला तरी त्यांनी बूट काढले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी रेघेला चार बोटं कमी होतं. मी खुर्चीशी खाली बसले, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "थांबेल बाबा. तिथेच थांबेल."

"ते बोलू नकोस," ते म्हणाले.

"का?"

मला वाटलं, आता उठून दुसऱ्या खोलीत जातील. पण ते पाणी सोडून जाऊ शकत नव्हते. म्हणून बसल्या जागी, खाली बघत बोलले.

"वडील बंधाऱ्यावर गेले होते. आम्ही तिघं माळ्यावर. आई, मी आणि तुझी लेनाआत्या, सहा वर्षांची. पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होतं आणि तासभर तिथेच होतं. मी मोजत होतो. लेना थंडीने निळी पडली होती, तिचा कोट खाली खुंटीला. आई म्हणाली, जाऊ का रे? अजून चढेल का? मी म्हटलं, नाही चढणार. इथेच थांबेल. मी मोठा होतो ना घरातला. मी म्हटलं, थांबलंय आई, जा."

त्यांनी वाकून पेन्सिलीची खूण पुन्हा बघितली.

"ती कोटापर्यंत पोचली. मग मागची भिंत पाण्यासकट आत आली."

पंचावन्न वर्षांची बाई मी, तोंडाने कधी हरले नव्हते. मी नुसता त्यांचा हात धरला. बासष्ट वर्षं हा माणूस एकटाच त्या जिन्यावर बसला होता आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. कुठलंही पाणी थांबेल यावर विश्वास ठेवायला ते पुन्हा तयार नव्हते. मग ते उपसत राहिले. माझ्यासाठी, ग्रीटच्या खोकणाऱ्या पोरासाठी, त्या कोरसाठीसुद्धा.

आम्ही तसेच बसून राहिलो. संध्याकाळी पाणी रेघेला टेकलं. बाबांनी खूण केली. तासाने वाकून बघितलं, तर खूण तिथेच आणि पाणीही तिथेच. अजून तासाने तेच. मी म्हटलं, आता झोपा. ते हलले नाहीत. मीही चटईवर अंग टाकलं.

सकाळी मला जाग आली ती बाहेर कुणाच्या तरी सायकलीच्या घंटीने. खिडकीतून उजेड आला होता. बाबा गुडघ्यांवर वाकले होते, एक हात खाली झडपेत. त्यांनी पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं होतं आणि बोटाचं टोक पाण्याला जेमतेम लागत होतं. कालच्यापेक्षा केसभरही जास्त नाही.

"थांबलं," ते म्हणाले.

ते झेलंडच्या बोलीत म्हणाले. ती बोली ते माझ्याशी कधी बोललेले नाहीत, माझ्या आईशीही नाही. मी जागी आहे हे त्यांना माहीत नव्हतं, आणि मी ते कळू दिलं नाही. ते तसेच वाकून, पाण्यात बोट ठेवून, हलक्या आवाजात आणखी काही सांगत राहिले. मला त्यातलं थोडंच समजलं, मधे एकदा आलेलं 'आई' धरून. ते माझ्यासाठी नव्हतंच.